वैद्यकीय कॉलेज निवडताना फीला किती वजन द्यावं आणि तिथल्या वातावरणाला किती?

कोजागिरी

नमस्कार मंडळी,

माझ्या लेकीला दोन वैद्यकीय कॉलेजांत प्रवेश मिळतो आहे आणि आठ दिवसांत एकाला होकार कळवायचा आहे. घरात रोज रात्री हाच विषय, आणि रोज रात्री निर्णय बदलतो.

पहिलं कॉलेज जुनं, सरकारी. फी आम्हाला कर्ज न काढता झेपेल अशी. रुग्णालयात पाय ठेवायला जागा नसते. वर्गात दोनशेच्या वर मुलं, हॉस्टेल जुनं, आणि सीनिअर मुलांच्या वागण्याबद्दल बरंवाईट कानावर आलेलं.

दुसरं खासगी, नवं. फी सहापट. वर्ग लहान, शिक्षक मुलांना नावानिशी ओळखतात, इमारत बघूनच मन प्रसन्न होतं. त्यासाठी मोठं कर्ज काढावं लागेल.

लेक म्हणते, "आई, मला शिकायचंय, कुठेही शिकेन." नवरा म्हणतो, पैशांचं बघू, पोरीचं मन सांभाळलं जाईल तिथे घालू. मला दोघांचंही पटतं आणि म्हणूनच झोप लागत नाही. ज्यांनी स्वतः ही वाट तुडवली आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

---

स्टेथो

ताई, पहिलं कॉलेज. मला दुसरा विचारही करावासा वाटत नाही.

एक प्रसंग सांगतो. तिसऱ्या वर्षी वॉर्डात एका रुग्णाची प्लीहा (पोटात डाव्या बरगड्यांखाली असणारा अवयव) वाढली होती. पुस्तकात मी ते पान चार वेळा वाचलं होतं. सरांनी माझा हात धरून रुग्णाच्या पोटावर उजवीकडे खाली ठेवला आणि म्हणाले, "घाई नको. त्यांना खोल श्वास घ्यायला सांग, आणि प्रत्येक श्वासाला हात थोडा वर, डाव्या बरगडीकडे ने." पाचव्या की सहाव्या श्वासाला काहीतरी टणक येऊन माझ्या बोटाच्या टोकाला टेकलं आणि श्वास सोडल्यावर निघून गेलं. त्या दिवशी आम्ही सहा जणांनी आळीपाळीने ते अनुभवलं, आणि तेही त्या काकांना आधी विचारून. त्याच आठवड्यात तसे आणखी तीन रुग्ण वॉर्डात होते. चौथ्याच्या वेळी मला कोणी हात धरून दाखवावं लागलं नाही.

हे गर्दीच्या रुग्णालयातच होतं. खाटा रिकाम्या असतील तर इमारत कितीही सुंदर असली तरी मुलं शिकणार कोणावर? दुसऱ्या कॉलेजच्या ओपीडीत रोज किती माणसं येतात, ते आधी विचारा.

---

सातवा_मजला

स्टेथोंचा प्रतिसाद वाचता वाचता मी स्वतःचीच डावी बरगडी चाचपून पाहिली. काही लागलं नाही, सुखरूप आहे. 🙂

---

हिशेबी

मी डॉक्टर नाही. शैक्षणिक कर्जांचं काम बरीच वर्षं केलं आहे, त्यामुळे फक्त आकड्यांबद्दल बोलतो.

माहितीपत्रकात छापलेली फी म्हणजे खर्च, असं धरून घरोघरी निर्णय होतात. तुम्ही तसं करू नका. समजा दर वर्षाच्या सुरुवातीला १०० असे पाच वर्षं ५०० उचलले, व्याज १० टक्के, आणि शिक्षण चालू असताना एक पैसाही भरला नाही. व्याजावर व्याज चढत गेलं, तर पाचव्या वर्षाच्या शेवटी देणं होतं सुमारे ६७२. पुढे तीन वर्षं विशेषज्ञ होण्यासाठीच्या शिक्षणाची, त्या काळातही हप्ता सुरू केला नाही, तर आकडा जातो ८९४ वर. मग दहा वर्षांच्या वार्षिक हप्त्यांत फेडायचं म्हटलं तर दरसाल सुमारे १४५, म्हणजे एकूण १४५० च्या वर. हातात आले होते ५००.

आता तेच कर्ज, पण पहिल्या वर्षापासून फक्त व्याज भरत गेलात. मुद्दल ५०० च राहतं. आठ वर्षांत व्याजाचे ३०० जातात आणि पुढच्या दहा वर्षांत ८१४. एकूण १११४. फरक डोळ्यांना दिसतो आहे. म्हणून कर्ज काढणार असाल तर तीन गोष्टी लेखी विचारा: शिक्षणाच्या काळात व्याज सरळ लागतं की चक्रवाढ, व्याजदर स्थिर की बदलता, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का.

मात्र उलट बाजूही सांगतो. "फी सहापट" याचा अर्थ खर्च सहापट असा होत नाही. राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास हे दोन्हीकडे लागणारच. फी एकीकडे १ आणि दुसरीकडे ६, वरचा खर्च दोन्हीकडे २ धरला, तर तुलना ३ आणि ८ ची होते. फरक तरीही मोठाच आहे, पण कर्ज किती काढायचं ते या बेरजेवरून ठरवा. आणि खासगी ठिकाणी फी दरवर्षी वाढते का, किती वाढू शकते, तेही विचारून ठेवा. पहिल्या वर्षाच्या आकड्याला पाचने गुणून मोकळे झालेले पालक मी पुष्कळ पाहिले आहेत.

---

दवबिंदू

स्टेथो, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो सगळ्यांचा नसतो.

मी अशाच एका जुन्या, नावाजलेल्या, गर्दीच्या कॉलेजात शिकले. रुग्ण भरपूर होते. पण राउंडच्या वेळी सरांच्या भोवती पन्नास जणांचं कडं असायचं आणि मी मागच्या रांगेत. रुग्णाचा चेहराही दिसत नसे. हात धरून शिकवणं दूरच, चुकीचं उत्तर दिलं तर सगळ्या वॉर्डासमोर, रुग्णासमोर, पाणउतारा व्हायचा. हॉस्टेलवर रात्री सीनिअरांची कामं. दुसऱ्या वर्षी मी रोज सकाळी उलटी करून वर्गात जात होते. कोणाला सांगायचं ते माहीत नव्हतं. शेवटी एक वर्ष घरी राहावं लागलं.

ते वर्ष कुठल्याच हिशेबात धरलेलं नव्हतं. एक वर्ष मागे पडलं म्हणजे एक वर्षाची कमाई गेली, एक वर्षाचा खर्च वाढला, आणि स्वतःवरचा विश्वास परत यायला आणखी दोन वर्षं गेली. २०१६ साली जामा या नियतकालिकात जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात २७ टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली होती. चारातली एक मुलगी किंवा मुलगा. कोजागिरीताई, तुमच्या यजमानांचं म्हणणं हलक्यात घेऊ नका.

---

निशिगंध

दवबिंदू, तुला जे सोसावं लागलं ते वाचून फार वाईट वाटलं. मी शरीररचनाशास्त्र शिकवते, बावीस वर्षं झाली. पहिल्या वर्षाची मुलं सगळ्यात आधी आमच्याकडेच येतात, त्यामुळे कुठलं मूल आतल्या आत मिटत चाललंय ते आम्हाला आधी दिसतं. दिसून न दिसल्यासारखं करणारेही आमच्यातच असतात, हे मान्य करते.

कोजागिरी, होकार देण्याआधी दोन्हीकडे स्वतः जा. ज्या दिवशी ते पालकांना बोलावतात त्या दिवशी नको, मधल्याच एखाद्या दिवशी.

एक जुनी गोष्ट सांगते. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांचा अमेरिका आणि कॅनडातल्या वैद्यकीय शाळांवरचा अहवाल आला. १५५ शाळांचा त्यात आढावा होता. फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते, शिक्षक होते. एका ठिकाणी दारांवर शरीररचना, शरीरक्रिया अशा पाट्या होत्या, पण सगळ्या खोल्यांना कुलूप. तिथल्या माणसांना निरोप देऊन ते परत निघाले, मग एकटेच माघारी आले आणि शिपायाला गाठून खोल्या उघडायला लावल्या. आत एक टेबल, छोटा फळा आणि खुर्च्या. बाकी काही नाही. त्या अहवालानंतर अनेक शाळा बंद पडल्या. मात्र त्यात कृष्णवर्णीयांसाठीच्या शाळाही गेल्या, सातांपैकी दोनच टिकल्या, आणि त्याची किंमत तिथल्या समाजाने पुढे कित्येक वर्षं मोजली. पण कुलूप उघडून बघण्याची त्यांची रीत मला पटते.

डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे जिथे मुलं मृतदेहावर शरीररचना शिकतात तिथे, जा. एका टेबलाभोवती किती मुलं उभी आहेत ते मोजा. आठ-दहा असतील तर प्रत्येकाच्या हाती चिमटा येतो, पंचवीस असतील तर मागचे पंधरा फोनवर असतात. आत शिरल्याबरोबर डोळे चुरचुरले आणि पाणी आलं, तर हवा खेळती नाही असं समजा. मृतदेह टिकवण्यासाठी वापरतात त्या फॉर्मॅलिनमधलं फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे. पंखे, धूर ओढणारी यंत्रणा आणि हातमोजे यांवर जे कॉलेज खर्च करतं, ते मुलांची काळजी करतं, असा माझा साधा ठोकताळा आहे. आजवर तो क्वचितच चुकला.

---

सातवा_मजला

निशिगंध मॅडम, टेबलाचं गणित वाचून मला माझा जुना मित्र आठवला. तो नेहमी सोळाव्या नंबरवर उभा असायचा. आज तो मनोविकारतज्ज्ञ आहे आणि अतिशय उत्तम आहे. मागच्या रांगेतून त्याने माणसंच बघितली!

---

रानवारा

परदेशाचा पर्याय अजून कोणी मांडला नाही, म्हणून लिहितो. मी स्वतः देशाबाहेर शिकलो.

फी कमी दिसते म्हणून उडी मारणाऱ्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, जिथे पुढे व्यवसाय करायचा आहे तिथली परवाना देणारी संस्था या पदवीला मान्यता देते का. वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्समध्ये नाव असलं की झालं, असं दलाल सांगतात. ती यादी आहे, मान्यतापत्र नव्हे. दुसरी, भाषा. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण शिक्षण जर्मन भाषेत, आणि रुग्णाला कुठे दुखतंय ते तो त्याच्याच भाषेत सांगणार. मला वर्ग कळायला एक वर्ष लागलं, आजीबाईंचं बोलणं कळायला तीन. तिसरी गोष्ट चलन. फी दुसऱ्या चलनात आणि आपलं चलन समजा दरसाल चार टक्क्यांनी घसरलं, तर सहाव्या वर्षाअखेर तीच फी सव्वापटीहून जास्त पडते.

आणि एक गोष्ट कुठल्याच कागदावर नसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि तिथे वैद्यकीय शिकणारी हजारो परदेशी मुलं शिक्षण अर्धवट टाकून निघाली. पुढे कुठे आणि कसं पूर्ण करायचं, यात त्यांची वर्षं गेली. त्यांच्यातला एक मुलगा माझ्या ओळखीचा. तो आजही सांगतो, बॅगेत पहिल्यांदा गुणपत्रिका टाकल्या आणि नंतर कपडे.

---

आजोळ

बाँडचा मुद्दा राहतोय. बऱ्याच ठिकाणी फी कमी किंवा माफ असते आणि बदल्यात काही वर्षं सेवा द्यावी लागते. लोक त्याला शिक्षा समजतात. मी नाही समजत.

जपानमध्ये १९७२ साली स्थापन झालेलं जिची वैद्यकीय विद्यापीठ आहे. तिथे फीची रक्कम कर्जाऊ मिळते, आणि पदवीनंतर नऊ वर्षं आपापल्या प्रांतात, त्यातला बराच काळ दुर्गम भागात, काम केलं की ते कर्ज माफ होतं. डॉक्टर नसलेल्या गावांत डॉक्टर जावेत, याच हेतूने ते काढलं.

मी स्वतः बाँडवर एका लहानशा गावात तीन वर्षं काढली. पहिल्याच पावसाळ्यात रात्री दोन वाजता आडवं मूल असलेली बाई आली, रस्ता बंद, मी आणि एक अनुभवी नर्सबाई. त्या बाईंनी माझ्या थरथरणाऱ्या हातावर हात ठेवला, म्हणाल्या, "डॉक्टर, आधी सलाइन लावू, मग फोन करू, मग विचार करू." पहाटे रस्ता मोकळा झाला, गाडी आली, मूल आणि आई दोघं वाचली. मी त्या नर्सबाईंकडून जे शिकलो ते पाच वर्षांत शिकलो नव्हतो.

तेव्हा बाँड असेल तर किती वर्षांचा, मोडला तर किती भरावं लागतं, आणि त्या काळात विशेष शिक्षणाला सवलत आहे का, हे विचारून घ्या. पण घाबरू नका.

स्टेथोंना एक पुस्ती: फक्त मोठ्या रुग्णालयातच शिकता येतं असं नाही. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ पासून काही विद्यार्थ्यांना एक पूर्ण वर्ष लहान गावांतल्या डॉक्टरांकडे ठेवून शिकवायला सुरुवात केली. परीक्षेत ती मुलं शहरातल्या मुलांच्या मागे पडली नाहीत.

---

निळाई

जरा अवांतर. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेने २०१८ मध्ये सगळ्याच विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क माफ केलं. २०२४ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजला रूथ गॉट्समन या तिथल्याच निवृत्त प्राध्यापिकेने १०० कोटी डॉलर दिले, मुलांना फी भरावी लागू नये म्हणून. सभागृहात घोषणा झाली तेव्हा मुलं उभी राहून रडत होती. मी तो व्हिडिओ कितीदा पाहिला असेन! डोक्यावरचं कर्ज उतरलं की माणूस कसा दिसतो, ते त्या चेहऱ्यांवर होतं.

---

हिशेबी

निळाईताईंच्या प्रतिसादाला धरून. कर्जाचा सगळ्यात मोठा परिणाम हप्त्यावर होत नाही, विषयाच्या निवडीवर होतो. माझ्यासमोर बसून एका तरुण डॉक्टर मुलीने सांगितलं होतं की तिला बालरोग घ्यायचा होता, पण हप्ता बघून तिने जास्त कमाईचा विषय घेतला. ती रडत नव्हती, फक्त सही करताना दोनदा पेन खाली ठेवलं. कोजागिरीताई, लेकीला आत्ताच विचारा की तिला पुढे काय करावंसं वाटतं. मत बदलेल, पण बदलायची मोकळीक तिच्या हातात राहायला हवी.

---

पाऊलवाट

मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे मोठ्यांइतका अनुभव नाही. पण जे आता रोज जगतेय ते सांगते.

कॉलेज बघायला जाल तेव्हा रात्री साडेदहाला हॉस्टेलपासून रुग्णालयापर्यंत चालत जा. दिवे आहेत का, वाटेत पहारेकरी आहे का. तिसऱ्या वर्षानंतर ही वाट अवेळी शंभरदा चालावी लागते. अभ्यासिका रात्री किती वाजेपर्यंत उघडी आहे ते बघा. पाण्याचा नळ सोडून बघा. 🙂

आणि सीनिअर मुलींशी बोला, पण शिक्षक शेजारी नसताना. "कॉलेज कसं आहे?" विचारलंत तर सगळ्या "छान" म्हणतात. त्याऐवजी असं विचारा: "मागच्या वर्षी तू नापास झालीस किंवा आजारी पडलीस, तेव्हा पहिल्यांदा कोणाकडे गेलीस?" मला प्रवेशाआधी एका ताईने लगेच एका मॅडमचं नाव सांगितलं होतं. मी इथे आले, आणि पहिल्या अंतर्गत परीक्षेत नापास झाले तेव्हा त्याच मॅडमकडे गेले.

---

दवबिंदू

पाऊलवाट, हा प्रश्न मला तेव्हा कोणी शिकवला असता तर! जपून राहा गं, आणि खूप शिक.

---

स्टेथो

दवबिंदू, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस गप्प होतो. मी लिहिलं ते खरं आहे, पण माझं नशीब चांगलं होतं की माझे सर तसे होते. आमच्याच कॉलेजात शेजारच्या युनिटमध्ये तुम्ही लिहिलंय तसंच चालायचं आणि आम्ही ते बघत होतो. तेव्हा कुणीच काही बोललो नाही, मीही नाही. आता माझ्याकडे पोस्टिंगला मुलं येतात. कडं केलं तर मागच्या रांगेतल्यांना आधी पुढे घेतो. कोजागिरीताई, मी "पहिलं कॉलेज" असं पटकन लिहून टाकलं होतं. आधी तिथे जाऊन या.

---

कोजागिरी

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा आणि काल आम्ही दोघी दोन्हीकडे जाऊन आलो, न सांगता.

खासगी कॉलेजात शिक्षक खरंच चांगले भेटले. टेबलाभोवती आठ मुलं, हवा खेळती. पण सकाळी साडेदहाला ओपीडीत मोजून चौदा माणसं होती, आणि एका वॉर्डात ओळीने नीट अंथरलेल्या, कोऱ्या चादरींच्या खाटा. लेक त्या खाटांकडे बघत बराच वेळ उभी राहिली.

जुन्या कॉलेजात डिसेक्शन हॉलमध्ये डोळ्यांना पाणी आलं, निशिगंधताई. एका टेबलाला अठरा मुलं. हॉस्टेलचा एक नळ चालू, एक बंद. रात्रीची वाट मात्र उजेडाची आणि वर्दळीची होती. पाऊलवाटचा प्रश्न लेकीने तीन मुलींना वेगवेगळा विचारला. एक गप्प बसली. दोघींनी एकाच सरांचं नाव सांगितलं, औषधशास्त्राचे आहेत. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी लेकीला म्हणाली, "पहिलं वर्ष जड जातं, दुसऱ्या मजल्यावर आमची खोली आहे, ये." आणि खोलीचा नंबर हातावर पेनाने लिहून दिला.

घरी येऊन हिशेबीदादांच्या पद्धतीने बेरीज मांडली. कर्जाचा शेवटचा आकडा बघून नवरा म्हणाला, यातला निम्मा जरी हाताशी राहिला तरी दर पंधरवड्याला तिला भेटायला जाता येईल, आणि हॉस्टेल नाहीच मानवलं तर जवळ खोली घेऊन देता येईल. लेकीने हातावरचा नंबर अजून धुतलेला नाही.

जुन्या कॉलेजला होकार कळवला. भीती गेलेली नाही. पहिल्या सहा महिन्यांत मी आई म्हणून कशाकडे लक्ष ठेवू?

---

दवबिंदू

फोनवर "अभ्यास कसा चाललाय" हे विचारू नका. जेवलीस का, झोप किती झाली, आज कोणाशी बोललीस, हे विचारा. आवाज बारीक येऊ लागला, घरी यायचं टाळू लागली, की त्याच आठवड्यात गाडीत बसा.

---

निशिगंध

आणि तिला सुरक्षा चष्मा घेऊन द्या, डोळ्यांच्या कडांना नीट बसणारा. पहिल्याच दिवशी टेबलाच्या पुढच्या रांगेत उभं राहायला सांगा. मागून कोणी "सरक" म्हणालं, तर सरकायचं नाही, शेजारी जागा करून द्यायची.